दोन्ही अंगांनी ऐकणारा माइक

लातूर,
गुरुवार

प्रिय शिवू,

तू निवडून दिलेला माइक आला, लागला, आणि त्यानं या घरात जो गोंधळ घालायचा तो घालूनही झाला. ‘कसा वाजून राहिलाय?’ असं तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा नुसता अंगठा पाठवला. अंगठा पाठवून मोकळं व्हायची खोड तुझी, ती मला लागली म्हणून रागावू नकोस. आज सविस्तर लिहिते. फोन केला असता, पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी एकटीनंच बोलायचं आणि पलीकडून नुसता वारा ऐकायचा. तू ऐकतोयस, की फोन खाटेवर ठेवून उठून गेलास, तेही कळत नाही. शिवाय जे सांगायचंय ते सांगताना मला रडू येणार, आणि मी रडायला लागले की तू फोन ठेवतोस. पत्र कसं, बाजूला ठेवलंस तरी पुन्हा उघडता येईल.

आधी खोटं काय बोलले ते सांगून टाकते. अंध मुलांच्या शाळेसाठी दाजी धडे वाचतात, ते अजून चांगले यावेत म्हणून माइक बदलायचाय, असं मी तुला कळवलं होतं. धडे खरे आहेत, मुलंही खरी आहेत, पण घाई त्यासाठी नव्हती. दाजींच्या घशात गाठ आहे, शिवू. तुला होती तिथंच. उन्हाळ्यात आवाज बसला, आम्ही हळद-दूध केलं, ज्येष्ठमध चघळायला दिला, कुणी सांगितलं म्हणून आईस्क्रीम बंद केलं. शेवटी सुकन्यानं हैदराबादला बोलावून घेतलं आणि तिथं तुकडा काढून तपासला. डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं की स्वरयंत्र सगळंच काढावं लागेल. काढलं तर माणूस वाचेल, चांगला वाचेल. आवाज मात्र जाईल. येत्या सोमवारी भरती व्हायचंय. सही घेण्याआधी पेशंटला सगळं सांगावंच लागतं, तुम्ही सांगा नाहीतर मी सांगतो, असं ते म्हणाले. आम्ही मायलेकींनी ‘आम्हीच सांगतो’ म्हणून वेळ मागून घेतला आणि सांगितलं काहीच नाही. ह्यांना वाटत होतं की बारकी गाठ आहे, काढली की आठवड्यात घरी.

का नाही सांगितलं? कारण सांगितलं तर हे सही करणार नाहीत, याची मला खात्री होती. खात्री कशावरून, तेही लिहीन, पण आत्ता लगेच नाही. अजून हात धजत नाही. तेव्हापासून माझं असं झालंय की दारावरची बेल वाजली तरी दचकते, वाटतं कुणीतरी येऊन ह्यांना सांगणार. शेजारच्या बाईनं ‘साहेबांचा घसा कसाय?’ विचारलं तरी मी मध्ये पडून भलतंच काहीतरी बोलते. भाजीत मीठ दोनदा पडतं. हे म्हणतात, ‘तुझं ध्यान कुठं हाय?’ आणि मला वाटतं, हा आवाज अजून किती वेळा ऐकू येणार?

त्यांच्या आवाजाचं तुला मी काय सांगावं! स्टँडवरच्या कंट्रोल केबिनमध्ये बसून उदगीर, जळकोट, मुखेड, देगलूर अशी गावं हे एकापाठोपाठ घ्यायला लागले की माणसं पाटी न वाचता पिशव्या उचलायची. तू मांडव-स्पीकरवाला, भल्याभल्या पुढाऱ्यांना माइक जवळ घ्या म्हणून ओरडणारा. तूसुद्धा म्हणायचास, दाजींना माइक लागत न्हाई, माइकलाच दाजी लागतात. रिटायर झाल्यावर त्यांनी कोठीच्या खोलीतले धान्याचे डबे बाहेर काढले, भिंतींना आईच्या हातच्या वाकळा ठोकल्या आणि त्याला ‘स्टुडिओ’ म्हणायला लागले, तेव्हा मी किती चिडले होते. वाकळा आवाज पितात, हे तूच त्यांच्या डोक्यात भरवलंस. आता त्या खोलीत गेलं की मला आईच्या पातळांचे तुकडे दिसतात आणि मधोमध हे, पुढ्यात चौथीचं पुस्तक घेऊन.

तर माइक. जुना जो होता तो चांगलाच होता, पण गाठ झाल्यापासून ह्यांची खरखर त्यात अशी यायची की ऐकवत नव्हतं. श्वास ओढलेला, घसा साफ केलेला, जिभेची चटचट, सगळं अंगावर यायचं. मला तो आवाज आहे तसा नको होता, शिवू. मला तो जरा बरा असल्यासारखा ठेवायचा होता. म्हणून तुला विचारलं, आणि तू उत्तर दिलंस. दोन वर्षांत तू एवढं लांबलचक काही लिहिलं नव्हतंस. ‘अक्का, जुनं कंडेन्सर हाय, लई तिखट ऐकतंय. रिबन घे. आत पातळ पट्टी असती, चांदीच्या वर्खासारखी, ती हलती. मऊ ऐकतंय. स-श टोचत न्हाईत.’ मी तो मेसेज मंजुश्रीला वाचून दाखवला, तर ती फोनवर रडायलाच लागली. म्हणाली, ‘वन्सं, अजून विचारा त्यांना काहीतरी, स्पीकरच्या बॉक्सांवरली धूळ पुसून राहिलेत सकाळपासून.’

मग मी विचारत राहिले. तुला वाटलं असेल अक्काची अक्कल गहाण पडली. खरं म्हणजे मला कळलेलंही मी पुन्हा विचारायची. परदेशातला तो नावाजलेला माइक आपल्या ऐपतीत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तरी तो का नको हे मी तुझ्याकडून सविस्तर लिहून घेतलं. दुसरा एक लई स्वस्त होता, दिसायला जुन्या काळच्या रेडिओ-केंद्राच्या फोटोतल्यासारखा, आणि मला तोच आवडला होता. तू म्हणालास, बाहेरून भपका अन् आत काय न्हाई, पट्टी ढिली असती, दोन महिन्यांत लोंबती. तिसरा मधला. दिसायला ठोकळा, पण पट्टी खराब झाली तर बदलून देणारा माणूस हैदराबादेत आहे, हे तू शोधून काढलंस. तिन्हीत बोललेले नमुने तू पाठवलेस. ते मी डोळे मिटून, कानाला लावून ऐकले. परक्याच माणसाचा आवाज होता, पण त्या ठोकळ्यातून तो शेजारच्या खोलीतून कुणी आपलं बोलावं तसा आला. मी तोच घ्यायला सांगितला, आणि तू लिहिलंस, ‘बरोबर निवडलं अक्का.’ त्या दिवशी भीती जरा कमी होती.

तुझ्या सूचना मी देवाच्या नेमासारख्या पाळल्या. माइक आडवा ठेवला नाही, उभाच ठेवला. त्याचा आवाज बारीक म्हणून वेगळा डबा घेतला, आवाज मोठा करणारा. जुन्या मशीनवर माइकला वीज देणारं जे फँटमचं बटण आहे ते चुकून दाबलं तर पट्टी जाईल म्हणालास, म्हणून त्यावर मी माझी लाल टिकली चिकटवली. आणि फुंकायचं नाही! पण तुझे दाजी म्हणजे स्टँडवर उभी हयात फू-फू करून ‘हॅलो, हॅलो’ म्हटल्याशिवाय तोंड न उघडणारा माणूस. खुर्चीत बसले, चष्मा लावला, आणि गाल फुगवले. मी मध्ये हात घातला तो त्यांच्या नाकावरच बसला. ‘मारती का काय!’ म्हणून ओरडले. दोघंही हसलो. हसताना त्यांना ठसका लागला, आणि तो थांबेना तेव्हा मी पाणी घेऊन नुसती उभी राहिले.

चूक झाली ती तुझ्या एका वाक्यानं. चूक माझीच, पण वाक्य तुझं. तू लिहिलं होतंस, ‘ह्यो दोन्ही अंगांनी ऐकतंय, बाजूनं बहिरं असतंय.’ मला वाटलं, वाकळेला जसं उलटं-सुलटं नसतं तसंच हे. पुढचं तोंड कुठलं, मागचं कुठलं याची फिकीर नको, कसाही लावला तरी चालतो. असाच अर्थ लावला मी. माइकच्या समोर हे बसले आणि मागे, नेहमीच्या जागी, लॅपटॉप घेऊन मी. जुन्या माइकच्या मागे बसून मी मेथी निवडली आहे, फोन घेतले आहेत, ह्यांच्या वाचण्यावर तोंडातल्या तोंडात टीका केली आहे. त्यातलं काही कधी रेकॉर्डिंगात आलं नव्हतं.

गेल्या रविवारची गोष्ट. रविवारी सकाळी क्लासच्या पोरांची टेस्ट असते, त्यामुळे आमची गल्ली कधी नव्हे ती शांत. हे वाचत होते, नदीच्या उगमाचा धडा. मध्येच गुळण्या करायला उठले. रेकॉर्डिंग मी चालूच ठेवलं, उगाच कशाला बंद करा म्हणून. तेवढ्यात सुकन्याचा फोन. मी अगदी हळू बोलले, शिवू. न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालू होता. सुकन्या विचारत होती, अप्पांना सांगितलं का? मी म्हटलं, नाही गं, कशी सांगू, आवाज कायमचा जाणार म्हटलं तर ते दवाखान्याची पायरी चढायचे नाहीत. गळ्याला श्वासासाठी भोक ठेवणार हेही म्हटलं मी. शिवूमामासारखंच, असंही म्हटलं. मग हे आले, मी फोन ठेवला, आणि उरलेला धडा त्यांनी झकास वाचला.

दुपारी जेवून हे हेडफोन लावून बसले. चुका काढायच्या म्हणून आपलं वाचलेलं नेहमी स्वतः ऐकतात. मी दारातून बघत होते. ऐकता ऐकता त्यांनी पुस्तकाचं पान उलटायला हात नेला आणि तो तसाच राहिला. मागं घेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा एकदा ऐकलं. मग हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवले, आणि माझ्याकडे न बघता चपला घालून बाहेर पडले. मी धावत जाऊन ऐकलं. माझी कुजबुज, शिवू, माझ्याच कानात कुणी बोलावं इतकी स्वच्छ. समोर बसून बोलल्यासारखी. ‘दोन्ही अंगांनी’ म्हणजे मागूनही तेवढंच ऐकतो, हे तेव्हा कळलं. तो आवाज वाढवणारा डबाही होताच मदतीला. मी तिथंच वाकळेला टेकून खाली बसले.

ह्यांना शोधायला मी कुठं जाऊ? आधी रेल्वेचे रूळ मनात आले, ते मी तिथंच झटकून टाकले. मग पाय आपोआप स्टँडकडे वळले. फलाटाच्या कडेला बाकावर बसले होते, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत. त्यांच्या जागी आता टेप लावलेली आहे, बाईचा आवाज येतो. मी लांब, उसाच्या रसाच्या गाड्याशी उभी राहिले. जवळ जायची हिंमत झाली नाही आणि नजरेआड होऊ द्यायचीही नाही. अंधार पडायच्या आत आपणच उठून आले. घरी आल्यावर इष्टलिंगाची पूजा केली, जेवले, झोपले. बोलले काही नाहीत. सोमवार तसाच गेला. एरवी घशामुळे कमी बोलणारा माणूस आणि मुद्दाम न बोलणारा माणूस यांत फरक असतो, तो मला कळत होता. मला वाटलं, पुढं हे असंच असणार आहे, आपल्याला आधीच दाखवून राहिलेत.

मंगळवारी दुपारी त्यांनी मला खुणेनं सांगितलं, चालू कर. मी बटण दाबलं. त्यांनी घसा साफ केला, छाती पुढं काढली आणि स्टँडवरच्या त्या आवाजात म्हणाले, ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे. सिंधु मल्लिकार्जुन यांनी जिथं असतील तिथून माइकच्या मागच्या बाजूला येऊन बसावे.’ लग्न झाल्यापासून ह्या माणसानं मला ‘अगं ए’ आणि ‘ऐकलंस का’ याखेरीज हाक मारली नव्हती, आपल्यात मारतात कुठं! पहिल्यांदा नाव घेतलं ते असं, खरखरत, फाटत. मी जाऊन समोर बसले. मध्ये माइक, अलीकडे ते, पलीकडे मी. रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे आहे. मी एकदाही ऐकलेलं नाही.

म्हणाले, ‘उदगीरच्या अलीकडं बशीत मी काय बोललो होतो, ध्यानात हाय न्हवं?’ मी म्हटलं, हाव. आता तुलाही सांगावं लागेल, शिवू. माफ कर. दोन वर्षांपूर्वी तुझं ऑपरेशन झाल्यावर आम्ही तुला भेटून देगलूरहून परत येत होतो. तू मागच्या खोलीत बसला होतास, गळ्याला मफलर गुंडाळून, भर मे महिन्यात. डॉक्टरांनी दिलेलं ते गळ्याला लावून बोलायचं यंत्र तू कपाटात टाकलं होतंस, फाटक्या स्पीकरसारखं वाजतंय म्हणून. तू आमच्याकडे बघितलंही नाहीस. बशीत हे खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, ‘शिवूचं बघवत न्हाई. माझ्यावर आलं तर मला कापू नका. तसंच जाऊ द्या.’ ही माझी खात्री होती. हेच वाक्य दोन वर्षं माझ्या पोटात आहे.

मला वाटलं, आता तेच पुन्हा म्हणतील आणि माइक ते लिहून ठेवेल. पण ते म्हणाले, ‘ते मी शिवूकडं बघून बोललो. पण शिवूला कुणी विचारलंय का, तुला कसं वाटून राहिलंय म्हणून? त्याचं त्यालाच ठाव.’ पाणी प्यायले. ‘त्याला येऊ दे. फोन-बिन नको, मेसेज नको. यष्टीनं येऊ दे, चार माणसांतनं. भोकावरची ती पांढरी पट्टी असू दे गळ्यावर, धूळ असती. पण मफलर नको. रविवारी सकाळची गाडी साडेअकराच्या आसपास लागती, मी स्टँडवर बसतो. उतरला तर सोमवारी सही करतो. न्हाई उतरला तर…’ एवढं बोलून नुसते खाकरले. मी विचारलं, न्हाई उतरला तर काय? त्यांनी हात लांब करून स्वतःच बटण बंद केलं.

म्हणून हे पत्र. देगलूरच्या गाडीवर सुगत कंडक्टर आहे, ह्यांच्या काळातला, त्याच्या हातात देतेय. घरी आणून देईल, तुझ्याशिवाय कुणाला देऊ नको म्हणून बजावलंय. शिवू, तुला कसं वाटतं, जगावंसं वाटतं का, हे मी अक्का असून कधी विचारलं नाही, कारण तू काय सांगशील याची मला भीती होती. माइकचे शंभर प्रश्न विचारले, हा एक नाही. भीती आजही तेवढीच आहे, पण आता माझ्या घरातला माणूस तुझ्या उत्तराला टांगलेला आहे. तू दोन वर्षांत गल्लीच्या टोकापर्यंतही गेला नाहीस, हे मंजुश्रीनं सांगितलंय. मी काय मागतेय ते मला कळतं. लोक बघतील, पोरं बघतील, खिडकीजवळचा कुणीतरी सरकून बसेल. तरी ये. मनातून तुझं उत्तर ‘हाव’ असेल तर ये, आणि ‘न्हाई’ असलं तरीही गाडीत बस, लातूरला उतर आणि त्यांना दिसू दे. खऱ्याखोट्याचं आपण दोघं नंतर बघू.

तुझीच,
अक्का